बावखलातला हद्दीचा दगड

नंदाखाल,
मंगळवार, २२ मे १९७९

प्रिय लुईझा,

मिरजेला तुझं नर्सिंगचं शिक्षण नीट चालू असेल. इकडे सगळी बरी आहेत. आमच्या आग्नेसचं लग्न नोव्हेंबरात ठरलंय.

माझ्या फेब्रुवारीच्या पत्रात एक चूक होती, ती आधी दुरुस्त करते. आपल्या दोन वाड्यांमधल्या बावखलाच्या तळ्यात हद्दीचा दगड पंचांसमोर ठोकलेल्या बांबूपाशीच आहे, असं मी लिहिलं होतं. तो तिथे नाही. बांबूपासून साडेतीन फूट अलीकडे, आमच्या काठाच्या बाजूला आहे. आल्बिनामावशी, तुझी आई, उगाच हट्ट करते असंही लिहिलं होतं. तेही चूक. त्यावर तू उत्तर पाठवलं नाहीस, ते बरोबरच केलंस.

बावखल आटत आलंय. परवा पाण्यात उतरले तर पायाला दगड लागला. चिखल खरवडला, तुझ्या आजोबांनी कोरलेला क्रूस हाताला लागला. वर पाहिलं, तर बांबू पलीकडे, तुमच्या रहाटाच्याही पुढे. तीनदा मोजलं.

बांबू ठोकला त्या दिवशी काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. तुझे बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. आमच्या आलोशियसकाकांनी पंच बोलावले आणि मला आमच्या काठावर उभं केलं. पाणी छातीभर, नितळ. दगड दिसत होता. काका म्हणाले, ही शाळेत शिकवते, खोटं बोलायची नाही. लांब बांबू माझ्या हातात दिला आणि दगड दिसतो त्या रेषेत सरळ पाण्यात घालायला सांगितलं. टोक रुतलं तिथे आमच्या सॅन्टनने तुमच्या काठाने उतरून तो उभा ठोकला. तोवर पाणी गढूळ झालं होतं. तुझी आई एवढंच म्हणाली, “पानी उतरू द्या, मंग मोजा.” पंच हसले. मी पंचांच्या कागदावर सही केली.

तुला आठवतं, पायाच्या दुखण्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नव्हते. काकाच घरी शिकवायचे. वाटीत पैसा ठेवायचे आणि तो कडेआड जाईपर्यंत मला मागे सरकवायचे. मग वाटीत पाणी ओतायचे. पैसा पुन्हा दिसायचा.

“पैसा हलला?”

“नाही, काका.”

“मग वळलं काय?”

“उजेड.”

पाण्यातून हवेत येताना उजेड वाकतो, म्हणून वस्तू दिसते तिथे नसते. सातवीच्या मुलांना मी हे त्याच वाटीने शिकवते.

काल काकांना विचारलं. ते केळीचा घड उतरवत होते, हात थांबला नाही. म्हणाले, “बांबू तुझ्या हातात होता, इनेझ. डोळेही तुझेच.” थोड्या वेळाने म्हणाले, इतके दिवस गप्प होतीस, आणखी आठवडाभर राहा, पाऊस लागला की तळाशी कोण बघतंय. सोमवारी ते तुमचा रहाट काढणार आहेत, आता तो आमच्या हद्दीत आहे म्हणून. त्या रहाटाशिवाय तुझ्या आईच्या पानवेलींना दुसरं पाणी नाही.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. त्या दिवशी बांबू पाण्याशी मोडल्यासारखा दिसला होता. टोक दगडावर नव्हतं, पलीकडे होतं. मी पाहिलं. तोंड उघडलंही. पण काकांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि मला वाटलं, ज्यांनी मला हे शिकवलं ते कसे विसरतील?

ते विसरले नव्हते.

पंचांना मी रविवारी बावखलाशी यायचा निरोप दिला आहे. वाटी आणि पैसा घेऊन जाणार आहे. मग दगडावर पाय ठेवून उभी राहीन, सगळे पाण्यात उतरून तो चाचपेपर्यंत. त्यानंतर या घरात माझं ताट वाढलं जाईल की नाही, ठाऊक नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या आईविरुद्ध सही केलेली,
इनेझ

ता. क. तू येऊ शकलीस तर बावखलाशीच ये. चर्चमधल्या दुसऱ्या मिस्सेनंतर, रविवार, २७ मे.