आमच्या पोटाचं कोण विचारतं

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज पुन्हा रक्त गेलं. पाळी तर आठ दिवसांपूर्वीच संपली! गिऱ्हाईक चादरीकडे बघून तोंड वाकडं करून निघून गेलं. तीन महिने हेच चाललंय. कुणाला सांगू?

८ जानेवारी

संस्थेच्या जसोदाबाई आल्या. निरोध दिले, रक्ततपासणीचं कार्ड बघितलं. "निगेटिव्ह शे, चांगलं शे" — आणि निघाल्या. दहा वर्षं असंच. आमच्यापासून दुसऱ्यांना रोग लागू नये, याची केवढी काळजी! आमच्या पोटाचं मात्र कुणी विचारत नाही.

शेवटी मीच दारात अडवून सांगितलं. बाई पिशवी ठेवून पुन्हा बसल्या. "इतला दिन कसाले चूप ऱ्हायनी?"

तुम्ही विचारलं कधी?

१० जानेवारी

दवाखान्यात गेले. नाव सांगितलं, गल्ली सांगितली. नर्सनं पेनच खाली ठेवलं.

"नवऱ्याचं नाव?"

नाही म्हटलं.

"मग हे कुणामुळे झालं, ते तरी माहीत आहे का?"

बाकावरच्या बायका हसल्या. एक तर मूल उचलून लांब सरकली. डॉक्टरांनी हात न लावताच गोळ्या लिहिल्या. घरी येऊन चिठ्ठी फाडली. आता मेले तरी जाणार नाही.

११ जानेवारी

शेजारच्या खोलीतली रुपा दिवसा मिरचीचे देठ खुडायला जाते. आली तेव्हा मी रडत होते. सगळं ऐकून घेतलं. हाताची आग होत होती, म्हणून मनगटानंच माझे डोळे पुसले.

"जसोदाबाईना संस्थानं तपासणीनं शिबिर शे ना? चाल. मी येस तुन्हासंगे."

१९ जानेवारी, रविवार

शिबिरातल्या डॉक्टरबाई आधी म्हणाल्या, "हात लावू? दुखलं तर सांग हं, मी थांबेन."

पडल्यापडल्या रडू फुटलं. या अंगाला हात लावण्याआधी आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं! पिशवीच्या तोंडाचा बारीकसा तुकडा तपासायला घेतला.

रुपा बाहेर बसली होती. बाई म्हणाल्या, तिचंही बघून घेऊ. "माले काय व्हयनं? मी धडधाकट शे!" मीच तिला दंडाला धरून आत ढकललं. तिचाही तुकडा घेतला.

२ फेब्रुवारी

रिपोर्ट नाही. रुपाला म्हटलं, मी गेले तर माझी पेटी तू घे. पाठीत धपाटा बसला!

११ फेब्रुवारी

जसोदाबाईंचा फोन आला. रुपाकडे फोन नाही, म्हणून दोघींच्या कागदावर माझाच नंबर. माझी जखम आहे, औषधानं भरेल. रुपाला कॅन्सर आहे. "तिले लगेच दवाखानामा लई ये."

फोन ठेवला तर रुपा दारात. "काय निंघनं, ताई?"

"मन्हं... काई नही. बरं व्हई जाई."

तिनं मला घट्ट मिठी मारली. आनंदानं रडत होती. स्वतःचं काय, हे तिनं विचारलंच नाही.