बंधाऱ्यावरची ओळख

भिगवण,
१२ फेब्रुवारी २००२

प्रिय नीलेश,

तुझं पाकीट मिळालं. आत अमिरातीत, खोर फक्कानला परत यायचं तिकीट आहे आणि 'झालं गेलं विसर, यल्ला, ये आता' असं लिहिलं आहेस. 'चल, आटप' म्हणणारा तो अरबी 'यल्ला' वाचून माझं डोकं फिरलं. महिनाभर फोनवर मी हो-नाही एवढंच बोलले, कारण बूथवर अण्णांच्या ओळखीचे सगळे बसलेले असतात. म्हणून कागदावर भांडते आहे.

माझे वडील पहिल्यांदा विमानात बसले ते तुझ्याच आग्रहाने. विमानतळावरून घरी येताना तू मुद्दाम दुबईच्या देऱ्यात गाडी थांबवून गळाच्या दोन काठ्या घेतल्यास. 'अण्णा, आमच्याकडे डोंगरात बंधारा आहे, शुक्रवारी जाऊ,' म्हणालास. आधी भीमेत आणि मग उजनीच्या पाण्यात जन्मभर जाळी टाकलेला माणूस. गळ म्हणजे पोरांचा खेळ, असं म्हणून ते हसले, पण काठी उशाशी घेऊन झोपले.

त्या शुक्रवारी उजाडायच्या आत आपण पोचलो. उघडेबोडके डोंगर आणि मध्ये ते हिरवं, जागचं न हलणारं पाणी. गारठा होता, अण्णांनी तुझं जाकीट घातलं होतं. कणकेची गोळी लावून त्यांनी गळ टाकला. दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा पाण्यावर तरंगत राहिला. आपण तिघं त्याच्याकडे टक लावून बघत होतो. तुकडा बुडाला आणि वीतभर मासा वर आला. 'अगं, ही तर आपली चिलापी,' अण्णा म्हणाले, परक्या मुलखात गावचं माणूस भेटावं तसे. तू मोठ्याने हसलास. तेवढा वेळ मला वाटलं, तुझ्यासारखा माणूस मिळायला नशीब लागतं.

आणखी चार-पाच मासे लागल्यावर मी गाडीतून चहाचा थर्मास आणायला गेले. परत आले तर तुझे मॅनेजर जहूरसाहेब बायकोला घेऊन नाश्त्याला तिथेच आलेले. अण्णा त्यांच्या खुर्च्या मांडत होते. साहेबांची बायको मला म्हणाली, 'आपका नौकर बहुत अच्छा है. नीलेश बता रहे थे, गाँव से लाए हैं.' बिचारीला काय माहीत. मी तुझ्याकडे पाहिलं. तू दोरीचा गुंता सोडवत खाली बघत होतास. मी बोलणार, तेवढ्यात तिच्यामागून अण्णांनी मान हलवली. नको. मी गप्प बसले ती त्यांच्यासाठी, तुझ्यासाठी नाही. त्यांनी मासे साफ केले, निखाऱ्यावर भाजले, प्लेटा वाटल्या आणि दर वेळी 'जी साब' म्हणाले. स्वतः काही खाल्लं नाही.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात तू हळूच म्हणालास, 'प्रमोशनचं चाललंय, दर्शना. अण्णांनी काही मनावर घेतलेलं नाही.' तुला काय ठाऊक? दोन महिन्यांसाठी आलेला माणूस आठवड्यात परत निघाला. 'इथलं पाणी मानवत नाही,' एवढंच म्हणाले. मी त्यांना सोडायला आले आणि इथेच राहिले. का राहिले ते घरात खोटंच सांगितलं आहे. तुझ्या आजोबांनीही मासे विकूनच तुझ्या वडिलांना शिकवलं ना? लग्नाआधी तूच मला ते अभिमानाने सांगायचास. मग त्या दिवशी लाज नक्की कुणाची वाटली?

आणि हेही ऐक. अण्णा गावात सांगत फिरतात, 'जावयाने मोठ्या साहेबांशी गाठ घालून दिली, साहेबांनी माझ्या हातचा मासा खाल्ला.' ते सांगायला लागले की मला तिथून उठावं लागतं.

हे सगळं आजच लिहायचं कारण वेगळं आहे. धाकट्या बहिणीचं, ममताचं लग्न जमत आलंय. पुढच्या महिन्यात मुलाकडची माणसं बैठकीला येणार आहेत, बारामतीची, शिकलेली. काल अण्णा म्हणाले, 'घरच्यांची ओळख जावईबापूच करून देतील. त्यांना चारचौघांत बोलायची सवय आहे.' तर रजा घे आणि ये. सगळ्यांसमोर माझ्या बापाशेजारी बस आणि ते कोण आहेत, काय करतात, हे नीट, स्वच्छ आवाजात सांग. पुढचं मग बोलू. जमणार नसेल तर आत्ताच कळव. तुला रजा मिळाली नाही असं मी अण्णांना सांगेन. ते खरं मानतील. पण तुझ्यासाठी बोललेलं ते माझं शेवटचं खोटं असेल.

अजून तरी तुझीच,
दर्शना