विरोधकाने वाचायचा ठराव

३ मार्च

ती. स्व. मावशीस,

सा. न. वि. वि. साष्टांग हल्ली पोटामुळे जमत नाही, तेव्हा नुसताच नमस्कार गोड मानून घे.

मी ठणठणीत आहे. पाचवा महिना चालू आहे, भूक सारखी लागते आणि कार्यालयाचे तीन जिने रोज चढते. ह्यांचं म्हणणं, आता रजा घे. पण आरोग्य संघटनेचं वार्षिक अधिवेशन तोंडावर असताना रजा कसली? देशभरच्या सभासदांना, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, पाणी तपासणारे, लस टोचणारे, सगळ्यांना ठरावांचे मसुदे पाठवायचे आहेत. टेबलावर पाकिटांचा ढीग आहे आणि डिंकानं माझी बोटं एकमेकींना चिकटली आहेत.

त्यातलं एक पाकीट तुझ्या नावाचं आहे. ते तुझ्या हातात पडण्याआधी मीच सांगते. जिथे शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय नाही, अशा लहान प्रसूतिगृहांत बाळंतपणं बंद करावीत, अशी शिफारस संघटनेनं सरकारला करावी असा ठराव आहे. मसुदा माझा आहे. तुझी बाळंतपणाची खोली त्यात येते, मावशी. आपल्या शिफारशीत सरकार सहसा मोडता घालत नाही, हे तुलाही माहीत आहे.

माझं बाळंतपण मात्र तुझ्याकडेच. आई गेली तेव्हा तू तसा शब्द दिला होतास, आणि ठराव लागू व्हायला पुढचं वर्ष उजाडेल. रागवायचं असेल तर भरपूर रागव, पण उत्तर पाठव.

तुझा लोभ मी गृहीत धरते, तेवढा हक्क राहू दे.

तुझी
ठमी

११ मार्च

चि. ठमीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, रागासकट.

मसुदा मिळाला. एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. भाषा नेटकी आहे. शाळेत तुझ्या निबंधांवरून मीच हात फिरवायचे, त्याचं चांगलं चीज झालं. मी लिहायला शिकवलं आणि तू माझ्याच मुळावर उठलीस.

माझी खोली तू पाहिली आहेस. लोखंडी टेबल, हिरवा पडदा, अवजारं उकळायचं भांडं, खिडकीखाली हात धुवायचा नळ. तुझा पहिला ट्यांहा तिथलाच. बायका माझ्याकडे येतात कारण मी त्यांना ओळखते, त्यांच्या सासवांनाही ओळखते, आणि वेळ पडली तर सासवांना दाराबाहेर काढते. मोठं रुग्णालय लांब, आणि तिथे जायला गाडी आहे कुणाकडे? माझ्या खोलीला कुलूप लागलं म्हणून त्या तिकडे जाणार नाहीत, घरातच बाळंत होतील. हे तुझ्या मसुद्यात कुठे आहे?

आणि एक सांग. खोली एवढी धोक्याची आहे तर तू कशाला येतेस इथे? दुसऱ्यांच्या लेकींना धोका आणि तुला मावशी? वा गं शहाणे.

आपल्या संघटनेचा रिवाज तू विसरली नसशील. ठराव त्याच्या सगळ्यात कडव्या विरोधकानं सभेत उभं राहून मोठ्यानं वाचायचा, म्हणजे न वाचताच विरोध केला असं कुणी म्हणू नये. मी अध्यक्षांना कळवून टाकलं आहे की हा ठराव मी वाचणार. लिहिणाऱ्यानं तोवर तोंड मिटून बसायचं असतं, हा भाग मला फार आवडतो. खोली वाचवायला मला ही एकच संधी आहे आणि ती मी सोडणार नाही.

पायांना सूज आली तर कळव, अंगावर काढू नकोस. राग आहे, पण त्यानं माया आटत नाही.

तुझी
मावशी

२० मे

ती. स्व. मावशीस,

खाटेवर पडल्या पडल्या नमस्कार.

तू सूज म्हणालीस आणि ती आलीच. चेहरासुद्धा सुजलाय. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, रक्तदाब वाढलाय. डॉक्टरीणबाईंनी खाटेवरून उतरायचं नाही अशी तंबी दिली आहे. म्हणजे अधिवेशन बुडालं. तोंड मिटून बसायची शिक्षा मी घरीच भोगणार.

गाडीचा मुद्दा तुझा बरोबर आहे. माझ्या मसुद्यात त्याला उत्तर नाही. आणि मी तुझ्याकडेच का येते आहे म्हणून विचारलंस, तर भीती वाटली की मला तूच आठवतेस. दुसरं कारण नाही. पुढच्या आठवड्यात हे मला गाडीत आडवं घालून तुझ्याकडे आणतो म्हणतात. एकदा तुझ्या खोलीत येऊन पडले की मला बरं वाटेल.

वाट पाहशील ना?

तुझी
ठमी

२३ मे

ठमे,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात. पत्र मिळालं तशी लिहायला बसले आहे.

इथे येऊ नकोस. जावईबापूंना सांग, गाडी काढायचीच तर मोठ्या रुग्णालयाकडे काढा, आणि उद्या नको, आज. अशा दुखण्यात झटका येतो आणि मग हातात फार थोडा वेळ राहतो. जिथे शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय आहे, तिथेच तुझं बाळंतपण व्हायला हवं. माझ्या खोलीत ते करायची माझी छाती नाही. दिलेला शब्द मी मागे घेते.

रुसायचं असेल तर नंतर रूस. आधी जा.

मावशी

६ जून

चि. ठमीस,

मागच्या पत्रातले राहिलेले आणि आजचे, असे दुप्पट आशीर्वाद.

तू रुग्णालयात भरती झालीस ही जावईबापूंची तार सभेला निघताना मिळाली, म्हणून पाय उचलला. सभागृह मोठं होतं. खुर्च्या करकरत होत्या आणि ध्वनिक्षेपक मध्येच शिट्टी मारत होता. मी महिनाभर घरी भिंतींना ठराव वाचून दाखवून तयारी केली होती. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबून सगळ्यांकडे बघायचं, सगळं ठरलं होतं.

तिसऱ्या परिच्छेदाशी आले आणि पुढचा शब्द फुटेना. तिथे लिहिलं होतं, जिथे शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय आहे तिथेच बाळंतपण व्हावं. तुला घाईघाईत लिहिलं तेव्हा वाटलं ते माझे शब्द आहेत, आणि ते तर तुझ्या मसुद्यातले होते. अध्यक्षांनी पाणी हवं का विचारलं. मी म्हटलं, पाणी नको, मला जरा बोलू द्या. मग सांगितलं की माझ्या भाचीला मी माझ्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. आणि ज्यांना मी रोज त्या टेबलावर घेते त्याही कुणाच्या तरी भाच्याच आहेत, त्यांना मी कोणत्या तोंडानं ये म्हणू?

मी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. त्याआधी एक दुरुस्ती मात्र मांडली. ज्या दिवशी प्रसूतिगृहाच्या दाराशी रुग्णांची गाडी कायमची उभी राहील, त्याच दिवशी बाळंतपणं बंद होतील, आधी नाही. ती मंजूर झाली. माझ्या खोलीत पुढे गरोदर बायकांची तपासणी होईल, आणि त्यांना वेळेवर गाडीत बसवायचं काम माझं.

सगळ्यांनी पाठ थोपटली. मुक्कामाच्या खोलीवर येऊन मी पोटभर रडले. वाईट वाटतंय गं, उगाच कशाला लपवू? सगळं आयुष्य गेलं त्या खोलीत.

सुटका झाली की पहिली बातमी मला हवी.

तुझी
मावशी

२ जुलै

ती. स्व. मावशीस,

आता दोघींचा नमस्कार. मुलगी झाली. जावळ भरपूर आहे, आवाज तुझ्यावर गेलाय.

मला झटका आला, आणि पोट फाडून तिला बाहेर काढावं लागलं. रक्तही चढवलं. आता दोघी बऱ्या आहोत, घोर करू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, योग्य जागी होतात म्हणून निभावलं. तुझ्या खोलीत असते तर तू शेवटपर्यंत माझा हात सोडला नसतास, हे मला ठाऊक आहे. आणि तेवढ्यानं भागलं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे. मी मसुदा लिहिला तेव्हा मला हे नुसतं कागदावर कळलं होतं.

पण मावशी, इथे सगळं होतं आणि हात धरायला कुणी नव्हतं. ह्यांना दारातच अडवलं. मी छताकडे बघत तुला हाका मारत होते. बाळंतिणीजवळ तिचं एक माणूस राहू द्यावं, एवढं मागायला काय हरकत आहे? पुढच्या अधिवेशनासाठी हा ठराव तू लिही. लिहिणाऱ्यानं तोंड मिटून बसायचं असतं, लक्षात आहे ना? रिवाजाप्रमाणे तो वाचायला कडवा विरोधक लागेल. मी खाटेवरून सगळ्यांना विचारते आहे, परिचारिकांना, शेजारच्या बाळंतिणींना, झाडणाऱ्या बाईंना. अजून एकही मिळाला नाही.

माया दोघींत वाटून दे, पण माझी कमी करू नकोस.

तुझी
ठमी