सिंक, ब्लीच आणि माझी हुशारी

ती. ताईस, तुझ्या धाकट्याचा (वय वर्षे एकोणसाठ) वाकून नमस्कार. तुझा गुडघा फार कुरकुरतो असं कळलं. त्याला म्हणावं, भाऊजींनी चाळीस वर्षांत कधी कुरकुर केली नाही, तू कोण लागून गेलास?

इकडे मी खुशाल आहे, पण थोडक्यात वाचलो म्हणून. झालं असं की, ही शाळेच्या कामासाठी पाच दिवस परगावी गेली. मला वाटलं, परत येईल तेव्हा नवं स्टीलचं सिंक लखलखलेलं दिसावं. (हे सिंक निवडायला हिने जितका वेळ घेतला, तितका मला पसंत करायलाही घेतला नव्हता.) म्हणून मी तारेची घासणी घेतली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून गोल गोल घासलं. सिंक वाळल्यावर पाहतो तो आत दोन मांजरं भांडून गेल्यासारखं दिसत होतं. ओरखडे जावेत म्हणून ब्लीच ओतलं. तेही दाद देईना, तेव्हा त्यावर व्हिनेगर ओतायला लागलो. दोन शहाणे एकत्र आले की काम लवकर होतं, असा माझा हिशोब. (ऑफिसात एकतीस वर्षं काढूनही मी असं समजतो, यातच सगळं आलं.) झाकणभर पडलं असेल नसेल, तोच असा उग्र दर्प उठला की डोळ्यांतून पाणी आणि घशात जाळ!

नशीब, खिडकी उघडी होती आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आमची शिडी परत करायला दारात आल्या होत्या. “काका, आहे तिथे सोडा आणि बाहेर या!” त्या ओरडल्या. मी म्हटलं, “झाकण लावून येतो.” “झाकण राहू द्या, जीव आणा!”

तासभर त्यांनी मला जिन्यात बसवलं. मी गेलो असतो तर ही आधी माझ्याकडे बघून रडली असती की सिंककडे, याचा मी तिथे विचार केला. उत्तर काढलं नाही. “ब्लीचमध्ये आंबट काही पडलं की विषारी वायू होतो, काका,” त्या म्हणाल्या. “आणि नुसत्या ब्लीचनेही स्टीलवर डाग पडतात.” वास पूर्ण गेल्यावर आम्ही भरपूर पाणी सोडलं. मग खाण्याचा सोडा शिंपडून, ओल्या मऊ स्पंजने, स्टीलवरच्या बारीक रेघा जातात त्याच दिशेने हळूहळू पुसलं, धुतलं आणि फडक्याने कोरडं केलं. सिंक चकाकलं. ओरखडे त्याहून चकाकले.

तुझा,
भाऊ

ता. क. : खरं काम राहिलंच. ही शनिवारी येते. तू फोन कर आणि बोलता बोलता म्हण, की सिंकला ओरखडे पडायचेच. तुझा शब्द ती मानते.

ता. क. २ : पत्र टाकायचं राहिलं आणि ही शुक्रवारीच आली. सिंककडे बघून म्हणाली, “बरं झालं बाई!” पहिल्याच आठवड्यात जळकं पातेलं खरवडताना तिने एक लांबलचक रेघ ओढली होती. मला दिसू नये म्हणून तीन महिने तिच्यावर ताट पालथं घालत होती. आता ती रेघ कुठली, हे तिलाही सापडेना.

तेव्हा फोन करू नकोस. ब्लीचचं मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि तुझ्या पोटात काही राहत नाही.