कानाच्या तपासणीतली तुमची चलाखी

अहो, ऐकलंत का,

वर्ष होत आलं तुम्हाला जाऊन. आज दुपारी चिंचवडच्या त्या कानाच्या मशीनवालीकडं बसल्या बसल्या तुमचा असा राग आला, की कासारवाडीला घरी आले आणि पदर खोचून लिहायलाच बसले. समोर असता तर भांडले असते. आता काय, कागदावरच भांडते!

मलाही नीट ऐकू येईना झालंय. कुकरच्या शिट्ट्या चुकतात, शेजारीण दार वाजवून निघून जाते. म्हणून आपला संदीप मला तपासणीला घेऊन गेला, तुम्हाला नेलं होतं तिथंच. तीच काचेची खोली, तीच खुर्ची. डोक्याला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. "आजी, बारीक आवाज आला तरी दाबायचं," असं म्हणून ती मुलगी काचेपलीकडं जाऊन बसली.

पहिला आवाज काही मला ऐकू आला नाही. पण आवाज सोडायला कळ दाबताना तिचा खांदा हललेला दिसला. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला! अहो, तुम्ही खांदा बघून बटण दाबलं होतंत!

नाही म्हणू नका. पत्र्याच्या प्रेसवर होतात तेव्हा कंपनीत दरवर्षी तपासणीची गाडी यायची. कानात नापास झालं की प्रेसवरून उचलून पॅकिंगला टाकायचे, ओव्हरटाइम बुडायचा. म्हणून तुमची अख्खी लाइन तपासणाऱ्याच्या खांद्यावर डोळा ठेवून बसायची. "खांदा हालला की दाबायचं, आमी समदे पास!" असं तुम्हीच तर सांगितलं होतंत, पोट धरून हसत. मीही हसले होते हो. वर चहात जास्तीचं आलं घातलं. तेव्हाच तुमचा कान धरायला हवा होता.

पण रिटायर झाल्यावर कोण टाकणार होतं तुम्हाला पॅकिंगला? कुणाला फसवत होतात? जित्याची खोड, दुसरं काय!

तुमचा रिपोर्ट आला, बहिरेपण थोडंच. त्या मुलीनं दोन मशीनं पुढं ठेवली. एक कानामागं अडकवायचं, एक कानात आत बसणारं, बारकं. आतल्याची ताकद कमी, कान फार गेला असेल तर ते चालत नाही, हे तिनं नीट सांगितलं. "मग तेच द्या, आमचं कुठं फार गेलंय," तुम्ही छाती फुगवून म्हणालात. खरं कारण वेगळंच. चाकणला भावकीच्या लग्नात कानामागचं दिसलं असतं ना! वा रे वा! प्रेसनं अर्धं नेलेलं बोट मांडवभर मिरवायचात, आणि कानाची तेवढी लाज?

आणि त्याच बोटानं ती ज्वारीच्या दाण्याएवढी बॅटरी बसवायचात. बॅटरी पलंगाखाली, बॅटरीमागं मी पलंगाखाली. एकदा तर मशीन सदऱ्याच्या खिशात राहून धुण्याच्या बादलीत भिजलं. "भिकार मशीन हाय," म्हणून शेवटी डब्यात टाकलंत. आणि मी येडी, त्या पोरीला शिव्या घालत राहिले. तिची काय चूक? तुम्ही दाखवलंत तेवढंच बहिरेपण तिला दिसणार!

आज मी काय केलं माहितीय? खुर्ची भिंतीकडं फिरवली. मुलगी धावत आली, "आजी, काय झालं?" म्हटलं, "बाई, तू दिसतेस मला. आता घे परीक्षा." सपशेल नापास झाले. संदीप कानाशी येऊन म्हणतो, "आई, आतलं घेऊ, कुणाला दिसणार नाही." बापाचाच लेक! संधिवातानं माझी बोटं वाकडी झालेली त्याला दिसत नाहीत? मी कानामागचंच घेतलं. ताकदीचं, चार्जिंगचं, लांबून दिसणारं.

पण खरं सांगू? माझा राग मशीनवर नाही. मशीन डब्यात गेलं आणि तुम्ही सगळ्यालाच 'व्हय' म्हणायला लागलात. भाजी कसली करू? व्हय. गोळी घेतली का? व्हय. चिडचिड व्हायची नुसती. मग मी बोलणंच कमी केलं, आणि ते मला आता खातं.

दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी तुमचा हात धरून मी म्हणाले, "तुमच्यासंगं संसार चांगला झाला माझा." उभ्या जन्मात पहिल्यांदा म्हणाले. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "व्हय."

आता मी काय समजू? ऐकलंत, की माझे ओठ हलताना बघितलेत फक्त? सांगा ना! किती दिवस झाले, हेच डोक्यात घोळतंय.

मी असं करणार नाही, शब्द देते. संदीप असो, सून असो, बोललेलं कळलं नाही तर तोंड वर करून म्हणेन, "परत सांग." दहा वेळा म्हणेन, वैतागू देत. पण मी गेल्यावर माझ्या 'हो'चा अर्थ शोधत कुणी बसायला नको.

तुमच्यावर अजून चिडलेली,
सुमन