मॅथेमॅटिकली म्हणजे काय, सर?

सर,

काल नववीच्या वर्गात एका पोरीने मला बरोबर कात्रीत पकडलं. म्हणाली, "मॅडम, मॅचमधी म्हणत्यात मॅथेमॅटिकली अजून चान्स हाय. म्हंजी हाय का न्हाई?" मी ऐटीत फळ्यावर लिहिलं, 'गणिताच्या दृष्टीने'. ती म्हणाली, "ते कळलं. पर चान्स हाय का?" इतकी वर्षं माजलगावात गणित शिकवतेय आणि मी 'नंतर सांगते' म्हणून पुढचं उदाहरण घेतलं. शब्दच दुतोंडी आहे. सिद्ध झालेली गोष्ट मॅथेमॅटिकली खरी असते, तिथे ब्रह्मदेवाचंही चालत नाही. आणि क्रिकेटवाले तोच शब्द संघाचे बारा वाजल्यावर काढतात. एकीकडे पक्की खात्री, दुसरीकडे उगाच नखाएवढी आशा. घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं आणि तुमची फार आठवण आली.

हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकला. तुम्ही सिरसाळ्याच्या आमच्या शाळेत नवे आला होता. तुम्ही विचारलंत, चार पुरुष आणि त्यांच्या चार बायका ऊस तोडतात, तर मजूर किती? आख्खा वर्ग ओरडला, "चार!" तुम्ही चिडलात, खडू टेबलावर आपटलात. मग मीच उभी राहिले, "सर, नवराबायकूचा मिळून एकच कोयता असतोय." तुम्ही असे हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. "बरं बाई, पण मॅथेमॅटिकली आठ!" तेव्हापासून काहीही झालं की आम्ही पोरं तुमची नक्कल करायचो, मॅथेमॅटिकली भूक लागली, मॅथेमॅटिकली शाळा सुटली.

पुढच्याच वर्षी बाबा गेले आणि आमच्या घरी अर्धा कोयता उरला. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम दारात उभा राहून आईला सांगतोय, "अर्धा कोयता कोन नेनार? पोरीला संगं घ्या, पुरा हुईल." माझे कपडे बोचक्यात बांधून झालेत. त्या संध्याकाळी तुम्ही आलात, चुलीपुढे पोत्यावर बसलात, चहा घेतलात. म्हणालात, "पोरीला नेऊ नका. ही दहावी चांगली काढणार. मॅथेमॅटिकली." आईने विचारलं, "म्हंजी काय ओ, सर?" "म्हणजे ठरलेलंच आहे." आईने मावशीला जोडीला घेतलं, मुकादमाची कुरकुर ऐकून घेतली आणि ती गेली. मी मामाकडे राहून शिकले.

सर, आता तुमच्या जागी उभी राहून बघते तेव्हा हसू येतं. सहामाहीत मी बीजगणितात नापास होते. ठरलेलं कुठून? तुम्ही खात्रीचा शब्द वापरला होता की क्रिकेटवाल्यांचा? तुम्हाला तरी माहीत होतं का? हे मला खरंच जाणून घ्यायचंय, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की विचारायची सोय नाही.

म्हणून आज आईला विचारलं. म्हटलं, तो शब्द तुला कळला होता का गं? ती शेंगा फोडत होती. "कशाचा कळतोय! पर सरांचा चहा कवाच संपलाता, तरी रिकामा कप सारखा तोंडाला लावायलते. म्हनलं, आपल्या पोरीसाठी मास्तर एवढा भ्यालाय, मग ठिवावं हितंच."

मी लगेच उठून आत गेले, उगाच डबे इकडचे तिकडे करत बसले. हा कागद कुठे धाडायचा नाही, हे लिहायला घेतलं तेव्हाच माहीत होतं. उद्या त्या पोरीला मी क्रिकेटपुरतं उत्तर देईन. त्यापलीकडचा अर्थ मला कळलाय, पण तो वर्गात सांगायला गेले तर मला रडू येईल.