उत्क्रांतीचा धडा आणि आमचा दादा

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

पूर्णगडला दादाकडे जेवायला. मी आणि माझा नवरा सुधीर. जाताना गाडीत सुधीरला वचन दिलं होतं की आज वाद घालणार नाही. भात वाढेपर्यंत टिकले.

"तू अजून पोरांना माकडाचंच शिकवतेस काय गो?"

म्हटलं, दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आहे, आनुवंशिकता आणि उत्क्रांती. मी लिहिलेला नाही. "म्हणजे तुझा पण विश्वास नाही." विश्वासाचा प्रश्नच नाही दादा. "मग कशाचा आहे?" इथून पुढे ताक येईपर्यंत तेच. सुधीर नुसता आमटी मागून घेत राहिला. शेवटी वहिनी म्हणाली, "वन्सं, जेवा आधी. सृष्टी कुठं पळून जात नाही."

जन्मभर बोटीवर इंजिनियर होता हा माणूस. बिघडलेलं यंत्र दिसलं की उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. आता सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर प्रवचनं. उत्क्रांती हे थोतांड, सगळं देवाने योजून निर्माण केलं, वगैरे.

निखिल गेला त्याला तीन वर्षं होतील. एकुलता एक मुलगा, रस्ता ओलांडताना. मग मुंबई सोडून दोघं इथं बागेत येऊन राहिली आणि तेव्हापासून हे सुरू. मला समजतं. पण समजून घेणं वेगळं आणि दर रविवारी ऐकून घेणं...

जाऊ दे. भाकरी छान होती.

३ डिसें., बुधवार

मुख्याध्यापकांनी ऑफ तासाला बोलावलं. स्नेहसंमेलनाआधी एक व्याख्यान ठेवताहेत. विषय: 'सृष्टीची उत्पत्ती: आपली दृष्टी'. वक्ते कोण? "तुमचेच बंधू." संस्थेच्या अध्यक्षांची कल्पना. ते पूर्णगडचेच, रोज संध्याकाळी दादाबरोबर किल्ल्यापर्यंत फिरायला जातात.

"घरचाच माणूस, बाई. तुम्हाला आनंदच होईल."

आनंद. म्हटलं, सर, याच मुलांना मी जूनमध्ये तो धडा शिकवलाय. "तेच तर. दुसरी बाजू पण कळू दे." विचारलं, गुरुत्वाकर्षणाची दुसरी बाजू कधी ठेवायची. मु. अ. हसले नाहीत. वाईट माणूस नाही. निवृत्ती जवळ आलीय. पंख्याखाली कागद धरून बसावं तसे उरलेले दिवस धरून बसलेत.

६ डिसें., शनिवार

दादाला फोन केला. मला आधी विचारलं का नाहीस? "तुझी परवानगी लागते काय?" परवानगी नाही रे, माझी शाळा आहे ती. "शाळा संस्थेची आहे."

मग होडीचं सुरू केलं. "खाडीत होडी दिसली तर तू काय म्हणशील? लाकडं वाहत आली न् आपोआप जुळली? सुतार होता म्हणशील ना? मग एवढा माणूस, त्याचा डोळा, त्याचं काळीज, हे आपोआप?"

मी रागाने भलतंच काहीतरी बोलले. फोन ठेवून कोथिंबीर निवडायला बसले तेव्हा सुचलं: होडीला पिल्लं होत नाहीत, दादा. पिल्लं होतात, थोडी थोडी वेगळी होतात, काही जगतात, काही मरतात. सगळा धडा त्यात आला.

परत फोन करावासा वाटला. सुधीर म्हणाला, "कोथिंबीर निवड."

१२ डिसें., शुक्रवार

झालं एकदाचं.

दादा बोलला मात्र छान. हे लिहायलाच हवं. बोटीवरचे किस्से, वादळ, रात्रीचा समुद्र. मुलं गप्प बसून ऐकत होती, माझ्या तासाला कधी बसत नाहीत अशी. मग मुद्द्यावर आला. आधी म्हणाला, माशाचा कधी माणूस होत नाही, हे सगळं परदेशातून आलेलं खोटं. आणि थोड्या वेळाने त्याच तोंडाने म्हणाला, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन: पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणसात, ही उत्क्रांती आपल्याला आधीपासूनच माहीत होती.

अरे, खोटी आहे की आपली आहे? एक काहीतरी ठरव.

टाळ्या. अध्यक्ष पहिल्या रांगेत मान डोलावत.

आभार मानायचं काम माझ्याकडे, विज्ञानाच्या बाई म्हणून. ठरवलं होतं फक्त आभार. उभी राहिले, आभार मानले आणि पुढे म्हणाले, "दादांनी सांगितलं ती त्यांची श्रद्धा. तिचा मान ठेवावा. पण धड्यात आहे ते पुराव्यांवर उभं आहे, हाडांच्या, खडकांच्या, पेशींच्या. दोन्हींची मिसळ करू नये." बस, एवढंच. आवाज चढवला नाही.

दादा चहाला थांबला नाही. समोरून गेला, माझ्याकडे न बघता.

१३ डिसें., शनिवार

दहावी अ. श्रावणी नेहमीसारखी पहिल्या बाकावर. हुशार मुलगी, पण मार्कांची फार काळजी.

"बाई, परीक्षेत उत्क्रांतीवर प्रश्न आला तर तुमचं लिहायचं की सरांचं?" सर म्हणजे दादा. म्हटलं, पुस्तकातलं. "आणि दोन्ही लिहिलं तर? तपासणारे ज्याला मार्क द्यायचे त्याला देतील."

हसू की रडू. इतकी वर्षं शिकवून हे पीक.

मधल्या सुट्टीत एक पालक आले. आमची पोर काल घरी येऊन आजोबांना म्हणाली तुम्ही माकड होतात. म्हटलं, मी असं कधीच शिकवलेलं नाही. माणूस आणि माकड यांचे पूर्वज एक, असं शिकवलं. "म्हणजे आजोबांचे आजोबा माकड." नाही हो. फळ्याजवळ नेलं, झाडाच्या फांद्या काढून दाखवल्या. ते फांद्या बघत राहिले. मग म्हणाले, "पण बाई, आजोबा कालपासून जेवले नाहीत."

१९ डिसें., शुक्रवार

वहिनीचा फोन. दादा अजून बोलत नाही माझ्याशी. हे वहिनीचं वेगळंच. यंदा आंब्याच्या कलमांना मोहोर लवकर आलाय आणि त्यावर फुलकिडे. फवारणीवर फवारणी चाललीय, किडे हलत नाहीत. "ह्यांना कोण सांगणार? तुम्ही या, वन्सं. माझं ऐकत नाहीत." माझं तर फारच ऐकतो.

२१ डिसें., रविवार

गेले. दादा बागेत. "आलीस?" एवढंच.

एका कलमाचा मोहोर तळहातावर झटकून दाखवला. पिवळट, बारीक, धाग्याच्या तुकड्यांसारखे किडे हातावर चालत होते. मोहोर करपल्यासारखा. वाईट वाटलं. ही बाग हाच आता दोघांचा दिवस आहे. सकाळी उठायला कारण.

दादाचं म्हणणं, औषधात भेसळ. दुकानदार चोर. आता मात्रा दुप्पट करणार.

म्हटलं, दादा, औषध चांगलं आहे. गेली दोन वर्षं तेच मारतोयस. मरणारे मेले. ज्यांना ते बाधत नव्हतं ते थोडे उरले, त्यांची पिल्लं झाली, पिल्लांनाही बाधत नाही. आता बागेत तेच उरलेत. मात्रा वाढवू नकोस, औषधाचा प्रकार बदल, कृषी खात्यात विचार.

ऐकत होता. मला वाटलं, चला. मग म्हणाला, "पण फुलकिडे ते फुलकिडेच राहिले ना? त्यांचं कासव झालं काय?"

दोन वर्षांत कासव. म्हटलं, कासव व्हायला तुझ्या बागेला वेळ नाही. पण बदल झाला की नाही? तुझ्या डोळ्यांदेखत. कोण जगायचं आणि कोण मरायचं, ती निवड तुझ्या पंपाने केली.

दादाने पंपाचा पट्टा खांद्यावरून काढला, खाली ठेवला. मी मनातल्या मनात जिंकले.

"म्हणजे निवडणारा कोणीतरी लागतोच," दादा म्हणाला.

मी सरळ घरात जाऊन वहिनीबरोबर भाजी चिरली.

३ जानेवारी २०२६, शनिवार

दहावीची सहल, सड्यावरची कातळशिल्पं बघायला. बस अध्यक्षांनी दिली. बरोबर विनंती: दादांना न्या, ते माहिती सांगतील. विनंती म्हणजे काय ते आम्हाला कळतं.

सड्याचा उघडा माळ तापलेला, गवत वाळून पिवळं. कातळावर कोरलेले मासे, कासवं, माणसं, आणि एक मोठं चौपायी जनावर. कोणी कोरली, किती हजार वर्षांपूर्वी, नक्की सांगता येत नाही. दादाची स्वारी खूश. मुलांना घेऊन फिरला: हा मत्स्य, हा कूर्म. मोठ्या जनावरापाशी आला आणि म्हणाला, हा वराह.

मी म्हटलं, नाकावर शिंग आहे. गेंडा वाटतो.

श्रावणी वाकून बघत होती. "पण बाई, इथं गेंडा कुठं आहे?" म्हटलं, आता नाही. कोरणाऱ्यांनी कुठंतरी बघितला असणार. एके काळी इकडे असावेत, असं काही जण म्हणतात. "मग गेले कुठं?" हवा बदलली, रान बदललं, टिकले नाहीत. तिने दादाकडे बघितलं. दादा त्या जनावराच्या पाठीची रेघ बोटाने चाचपत बसला होता.

मुलं डबे खायला गेली. आम्ही दोघंच एका झुडपाच्या सावलीला. बाटलीतलं पाणी मला दिलं आणि म्हणाला,

"टिकले नाहीत, असं किती सहज म्हणतेस गो तू."

मी बाटलीचं झाकण लावलं.

"तुझ्या धड्यात सगळं आपोआप. आलं तेही आपोआप, गेलं तेही. मग निखिलचं पण तसंच? कोणाच्या मनात नव्हतं, कशासाठी नव्हतं, नुसतं झालं? हे मी घेऊन झोपायचं रोज?"

धड्यात नाही ते. म्हणाले, दादा, धडा जीव कसे बदलत गेले ते सांगतो. निखिल का गेला ते त्यात नाही. "मग कशात आहे?" मला माहीत नाही, म्हटलं.

तो उठला. मुलांकडे गेला. एका मुलाच्या डब्यातलं थालीपीठ मागून खाल्लं.

इतके दिवस मी त्याच्याशी पेशी आणि हाडांवरून भांडत होते. तो कशावरून भांडत होता हे मला आज कळलं. तरीही गेंड्याचा वराह होत नाही. दोन्ही खरं आहे आणि त्याचाच ताप.

१२ जाने., सोमवार

मु. अ. म्हणाले, बाई, पूर्वपरीक्षेआधीच्या उजळणीत उत्क्रांतीचा धडा सोडून द्या. पोरं पाठ करतील. पालकांची कुरकुर आहे, अध्यक्षांनाही नको आहे. कशाला उगीच.

नाही म्हटलं. सोडला तर मुलांनाही कळेल का सोडला. "मग मी अध्यक्षांना काय सांगू?" म्हटलं, त्यांनाच बोलवा. पालकांनाही. सगळ्यांसमोर शिकवते, चूक वाटेल तिथे थांबवा. मु. अ.नी कपाळावर हात मारला. घरी येऊन सुधीरला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला भीती वाटत नाही?" वाटते. संस्थेने ठरवलं तर दहावीचे तास काढून घेतील. दहावीशिवाय शाळेत मी काय करू?

२२ जाने., गुरुवार

शिकवला.

वर्गात मागे खुर्च्या. अध्यक्ष, मु. अ., सात-आठ पालक. आणि शेवटच्या बाकावर, मुलांत अंग चोरून, दादा. मला सांगितलं नव्हतं येतोय म्हणून.

फळ्यावर फांद्या काढल्या. फुलकिड्यांचं उदाहरण दिलं, कोणाची बाग ते सांगितलं नाही. बागायतदार पालकांच्या माना एकदम वर. एक जण म्हणाले, "हे बरोबर आहे, बाई. आमच्याकडे पण हेच झालंय." तिथून वर्ग हातात आला. श्रावणीने प्रश्न विचारले, मार्कांचे नाही, खरे. तासाच्या शेवटी म्हटलं, कोणाला काही विचारायचंय?

दादाने हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा.

"फांद्या कळल्या. पण खोडाच्या मुळाशी जो पहिला जीव, तो कुठून आला?"

सगळे माझ्याकडे. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर आता बघा असं हसू. मला पुस्तकातली वाक्यं येत होती, आदिम समुद्र, साधी रसायनं, कोट्यवधी वर्षं. ती सांगितली. आणि मग खरं तेही सांगितलं: "रसायनांतून पहिला जीव नेमका कसा झाला, हे अजून पक्कं माहीत नाही. शोध चालू आहे. मला माहीत नाही."

मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. 'माहीत नाही' लिहून घेणारा हा माझा पहिलाच वर्ग.

अध्यक्ष उठले. "बाईंनीच कबूल केलं," असं मु. अ.ना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. शनिवारी कमिटीची सभा लावलीय. उजळणी, दहावीचे तास, सगळंच त्यात.

दादा फाटकाशी थांबला होता.

"माहीत नाही म्हणालीस. सगळ्यांदेखत."

माहीत नाही ते नाहीच, म्हटलं.

"मला नसतं जमलं," तो म्हणाला. मग रस्त्याकडे बघत उभा. एस.टी. आली, गेली, चढला नाही. म्हणाला, अध्यक्षांनी शनिवारी सभेला त्यालाही बोलावलंय, बोलायला.

काय बोलणार ते मी विचारलं नाही. पुढची एस.टी. येईपर्यंत त्याच्याबरोबर थांबले.